भूत गेलं, स्वयंपाकघर उरलं

ताई, सा. न. वि. वि.

मी ३८ वर्षांची आहे. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, बँकेत नोकरी करते. लहानपण दहीपुलाजवळच्या वाड्यात गेलं. एकत्र कुटुंब, चुलत-सख्खी मिळून आम्ही सात भावंडं आणि माडीवर सगळ्यांत मिळून एक टीव्ही. मी आठ वर्षांची असताना 'आहट' ही भुताखेतांची मालिका सुरू झाली. मोठी भावंडं बघायची म्हणून मीही गोधडीच्या फटीतून बघायचे. भाग संपला की आमचा नानादादा टीव्ही बंद करायचा, दिवाही घालवायचा आणि सगळ्यांना घेऊन धाडधाड जिना उतरून जायचा. मी मागे. मग त्या अंधारात बंद टीव्हीतून 'कट्... कट्...' असा आवाज यायचा. एकदा मी हे घरात सांगितलं, तर 'भित्री भागूबाई' नाव पडलं आणि ते माझ्या लग्नापर्यंत टिकलं.

आजही रात्री साडेदहानंतर मी एकटी स्वयंपाकघरात जाऊ शकत नाही. गेलेच तर दाराकडे पाठ करता येत नाही. दूध फ्रीजमध्ये ठेवायचं राहिलं तर सकाळी नासतं, पण मी उठत नाही. नवरा हसतो. 'मॅडम, भूत कर्ज मागायला आलंय, केवायसी करून घ्या,' म्हणतो.

आता खरी अडचण. माझी मुलगी तिसरीत आहे. शेजारच्यांच्या मोबाइलवर तिने एक रील पाहिलं. कसारा घाटात रात्री रस्त्याच्या कडेला उभी पांढऱ्या साडीतली बाई, म्हणे गाडीच्या कॅमेऱ्यात 'कैद' झालेली. तेव्हापासून ती एकटी झोपत नाही, बाथरूमचं दार लावत नाही. दिवाळीत कल्याणला मामाकडे जायचं नाही म्हणते, कारण वाटेत घाट. सासूबाई म्हणतात, तेच आणखी चारदा दाखव, मन घट्ट होईल. नवरा म्हणतो, तुझंच बघून शिकली. ते मला आत कुठेतरी खातंय. माझी भीती तिच्यापासून लपवू की तिला सांगू?

– एक भित्री आई

•

सगळ्यात आधी ती सही खोडा. 'भित्री' हे नाव काही तुम्ही स्वतःला ठेवलेलं नाही. माडीवर कुणीतरी ठेवलं आणि तुम्ही ते इमानेइतबारे सासरी घेऊन आलात.

एका शब्दात उत्तर हवं असेल तर: सांगा. पण कधी, किती आणि कसं, यातच सगळी मेख आहे, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमच्या माडीबद्दल. तुमच्या आधीची पिढी दूरदर्शनवर वाढली. त्यातही दचकणारी मुलं होतीच. ते बोधचिन्ह गरगरत येऊन डोळ्यासारखं स्थिरावायचं तेव्हा उशीत तोंड खुपसणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ओनिडाच्या जाहिरातीतला शिंगं-शेपटीवाला सैतान दिसला की पदराआड जाणारीही. पण ते क्षणाचं काम असायचं. मग केबल आली. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला, १९९५ मध्ये सोनीवर बी. पी. सिंग यांचं 'आहट'. (याच सिंगसाहेबांनी १९९८ पासून 'सीआयडी' आणलं. तिथे दार तोडायला दया लागायचा, 'आहट'मध्ये दारं आपली आपण उघडायची.) मालिका मोठ्यांसाठी होती, रात्रीच्या वेळेची होती, सगळं खरं. पण घरात टीव्ही एकच आणि खोली तीच. 'लहानांनी बघू नये' म्हणजे लहानांनी जायचं कुठे? खाली काळोख्या माजघरात, एकट्याने? त्यापेक्षा वर भुताबरोबर का होईना, सगळ्यांमध्ये बसणं परवडलं. तुम्ही आठ वर्षांच्या मुलीला साजेसा, शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

आणि तुम्ही एकट्या नाही. क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर या दोन अमेरिकी संशोधिकांनी १९९९ मध्ये तिथल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की लहानपणी पडद्यावरचं काही पाहून तुम्ही असे घाबरलात का, की ती भीती नंतरही राहिली? सुमारे ९० टक्के मुलामुलींनी हो म्हटलं. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याने सांगितलं की अजूनही त्याची थोडीफार धास्ती वाटते. चांगली शिकलीसवरलेली, कॉलेजात जाणारी मुलं ही. तुमच्या बँकेतही असतील. मात्र ती सांगत नसतील, कारण त्यांनाही केवायसीचा विनोद ऐकायचा नाही.

आता त्या 'कट्... कट्...'कडे येते, कारण तुमचं पत्र वाचताना मी तिथेच अडकले. तुम्ही नीट बघा, पत्रात भुताचं वर्णन एका शब्दाचंही नाही. कुठला भाग, कुठली बाई, कुठला वाडा, काही नाही. आवाज मात्र जसाच्या तसा आहे.

तो आवाज खरा होता. तुम्हाला भास झाला नव्हता. तेव्हाचे टीव्ही काचेच्या पिक्चर ट्यूबचे. तासभर चालले की आतून चांगले तापायचे. वरून हात लावला तर पेटी कोमट लागायची, म्हणून तर मांजर तिथे जाऊन झोपायचं. बंद केल्यावर ते निवायला लागायचे. तापलेलं प्लास्टिक निवताना आकसतं, पण सगळीकडून सारखं आकसत नाही. कोपऱ्यात, स्क्रूपाशी ताण येतो आणि तो सुटताना 'कट्' असा आवाज होतो. थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यातून 'कट्'. खोली जितकी थंड, तितका टीव्ही लवकर निवणार, आणि नाशिकचा डिसेंबर तुम्हाला मी सांगायला नको. पडद्यावर थोडा वेळ फिकट उजेड राहायचा, तोही खराच. काचेला आतून जो लेप असतो, तो वीज गेल्यावरही क्षणभर मिणमिणतो. आणि जवळ गेलं की हातावरची लव उभी राहायची ना? ती काचेवर साठलेली स्थिर वीज. म्हणजे भुताचा भाग संपल्यावर अंधारात आवाज करणारी, मंद चमकणारी आणि अंगावर काटा आणणारी वस्तू त्या खोलीत खरोखरच होती. आठ वर्षांच्या पोरीने यातून दुसरा काय अर्थ काढायचा होता? एवढं सांगायला त्या वाड्यात कुणी थांबलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून एक विचारते. तुमच्या आजच्या स्वयंपाकघरात, साडेदहानंतर सगळं घर शांत झाल्यावर, 'कट्' करणारं काय आहे?

फ्रीज. कॉम्प्रेसर थांबताना खट्कन आवाज येतो आणि घरघर बंद होते. आतलं प्लास्टिकही गारठ्याने आकसताना अधूनमधून तडकल्यासारखं वाजतं. दिवसा गाड्या, कुकर, टीव्ही यात ते ऐकू येत नाही. रात्री येतं. माझा हा अंदाजच आहे, मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण तुमची भीती देवघरात नाही, गॅलरीत नाही, वॉशिंग मशीनपाशी नाही, नेमकी स्वयंपाकघरात आहे, आणि वेळही तीच, जेव्हा बाकी सगळे झोपायच्या खोलीत गेलेले असतात आणि तुम्ही मागे राहता. नानादादा दिवा घालवून जिना उतरायचा तेव्हाही असंच व्हायचं. भूत केव्हाच गेलं. आवाज आणि मागे राहणं, एवढंच उरलंय. आज रात्री यजमानांना फ्रीजपाशी उभं करा, तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि तो आवाज येईपर्यंत थांबा. आला की कुठून आला ते शोधा. अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. दूध तरी आत जाईल.

याने भीती लगेच जाणार नाही. भीतीला कारण कळलं तरी ती आपली जुनी सवय सोडत नाही, अंगात भिनलेली असते. तिला सवयीनेच घालवावं लागतं. आठवडाभर दिवा लावून, कुणीतरी हॉलमध्ये जागं असताना जा आणि दाराकडे पाठ करून ओटा पुसा. छातीत धडधडेल. धडधडलं की पळून येऊ नका, तिथेच मुद्दाम काहीतरी रेंगाळत करा. डबे सारखे करा, उद्याची मटकी भिजत घाला. धडधड ओसरली की मग बाहेर या. पळून आलात तर मन शिकतं की 'पळालो म्हणून वाचलो', आणि पुढच्या वेळी जास्त घाबरतं. तिथे निवांत झालात तर मन उलटं शिकतं. ते जमलं की हॉलमधलं माणूस झोपायला जाऊ दे. त्यानंतर दिवाही घालवून बघा. घाई कुणालाच नाही.

आता लेकीकडे वळू, पण वाटेत पंचवटी लागते.

मी पंचवटीत बालवाडी चालवत होते तेव्हाची गोष्ट. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण सुरू झालं आणि रस्ते ओस पडायला लागले. पुढे शूर्पणखेचा भाग लागला. दुसऱ्या दिवसापासून चार वर्षांचा एक मुलगा आजीचा पदर सोडेना. घरातल्यांनी सांगितलं, 'अरे, ते सगळं खोटं असतं, नाटक असतं.' आता बघा, हे नाशकात सांगताहेत! त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर सीतागुंफा, तिथे हीच मंडळी त्याला वाकून नमस्कार करायला लावणार. तपोवन चालत जाण्याएवढं. गावाला नाशिक नाव का पडलं, तर लक्ष्मणाने इथेच शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून, हे त्याला अंगणात खेळताना ऐकवलेलं. सीता खरी, गुंफा खरी, गाव खरं, आणि तेवढी शूर्पणखा खोटी? पोराला हे पटणार कसं? त्याचा तर्क मोठ्यांपेक्षा पक्का होता.

शिवाय चार वर्षांच्या मुलाला 'खोटं आहे' या वाक्याचा उपयोगच नसतो. कँटरबाईंनी ग्लेन स्पार्क्स यांच्यासोबत १९८६ मध्ये यावर प्रयोग केला होता, 'इन्क्रेडिबल हल्क' ही मालिका घेऊन. त्यात सभ्य डॉक्टर रागावला की हिरवा राक्षस होतो, पण तो राक्षस चांगला असतो, लोकांना वाचवतो. मोठी मुलं तो येईपर्यंत घाबरली, आल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. बालवाडीच्या वयाची मुलं उलट, तो आल्यावर सगळ्यात जास्त घाबरली. इतकी लहान मुलं दिसतं त्यालाच घाबरतात. तो काय करतोय, खरा की खोटा, हे त्यांच्या लेखी नंतर.

आमच्या त्या मुलाला मग काही समजावलंच नाही. पाटी-पेन्सिल दिली. त्याने शूर्पणखा काढली, म्हणजे एक गोल आणि दात. मग म्हणाला, हिला नाक पाहिजे. नाक काढलं, चांगलं लांबलचक. आजीने त्यावर बोटाने हळद लावली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रडलाच, तिसऱ्या दिवशीही. पण पाटी मागत होता.

तुमची लेक तिसरीत आहे. तिचं हे वय गेलं. राक्षस पाहून ती कदाचित हसेल. तिला घाबरवतं ते 'खरंच घडलंय' असं वाटणारं. ब्रिटनमध्ये १९९२ च्या ३१ ऑक्टोबरला बीबीसीने 'घोस्टवॉच' नावाचं नाटक दाखवलं, पण थेट प्रक्षेपण असल्यासारखं, रोजचे ओळखीचे निवेदक घेऊन. पुढे १९९४ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात दोन मुलांची नोंद आली. दोघं दहा वर्षांचे, तो कार्यक्रम पाहून मोठ्या आघातानंतर व्हावेत तसे आजारी पडले. त्यांना घाबरवायला भुतापेक्षा तो ओळखीचा निवेदक जास्त कामी आला. आपल्याकडे २००८ च्या १० सप्टेंबरला जिनिव्हाजवळचं, अणूतले कण एकमेकांवर आदळवणारं ते मोठं यंत्र (लार्ज हेड्रॉन कोलायडर) सुरू व्हायचं होतं, तेव्हा बातम्यांच्या वाहिन्या दिवसरात्र 'जग बुडणार का?' विचारत होत्या. त्या आठवड्यात मुलं शाळेत रडत होती, आणि ती बालवाडीतली नव्हती, पाचवी-सहावीतली होती.

तुमच्या लेकीच्या रीलची करामत तीच आहे. चित्र धूसर, गाडीचा कॅमेरा, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. ती तारीख-वेळ म्हणजे त्या बाईचा जन्मदाखला! त्यात घाट ओळखीचा, मामाच्या वाटेवरचा. म्हणून इथे 'भूतबित काही नसतं' एवढं म्हणून भागणार नाही. पण आठ वर्षांचं डोकं असं असतं की 'हे कसं केलं' हे त्याला दाखवलं तर ते पटतं. तेव्हा तिला सांगू नका, तिच्याकडून करून घ्या. शनिवारी संध्याकाळी, उजेड असतानाच सुरुवात करा. तुमची एक पांढरी ओढणी, बिल्डिंगचा जिना आणि तुमचा फोन घ्या. भूत कोण होणार हे तिने ठरवायचं, दिग्दर्शन तिचं. बाबांना भूत केलं तर फारच बरं, थोडी परतफेडही होईल. अंधार पडल्यावर तेच पुन्हा काढा. कमी उजेडात फोनचं चित्र कसं पसरतं, हललं की हात-पाय कसे विरघळल्यासारखे दिसतात, हे तिला दिसू दे. कुठल्याही ॲपमध्ये तारीख-वेळ टाकता येते, तीही तिलाच टाकू दे, १८५७ सालची टाकली तरी चालेल. नको म्हणाली तर ओढणी घडी करून ठेवा. पुढच्या शनिवारी विचारा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भीतीच्या जवळ गेल्याशिवाय ती जात नाही हे त्यांना बरोबर कळलंय, मी तुम्हाला ओट्याबद्दल तेच सांगितलं. फरक एवढाच की तुम्ही स्वतःहून जाणार आहात, आणि पोरीला धरून बसवायचं चाललंय. धरून बसवलेलं मूल घट्ट होत नाही, गप्प होतं. गप्प झालेली मुलगी पुढे कशी होते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सासूबाईंना दुसरं काम द्या, त्यांच्या हातचं. तिन्हीसांजेला मीठ-मोहरीने दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू द्या. घरातलं सगळ्यात वडील माणूस दोन मिनिटं सगळं सोडून फक्त आपल्याकडे बघतंय, हे पोरीला हवंच आहे. फक्त 'अमकीची नजर लागली' असं नाव घेऊ नये, नाहीतर शेजारी एक जिवंत भूत तयार होईल. झोपताना भीमरूपी म्हणायची तर नाशिककरांना त्याचं काही विशेष नाही, समर्थांनी तप केलं ती टाकळी आपल्याच गावात. पण ती तिने म्हणायची, तिला हवी असेल तर. 'म्हटली नाहीस तर बाई येईल' असं एकदा जरी कुणी म्हटलं तरी सगळं मुसळ केरात.

'तुझंच बघून शिकली' हे यजमानांचं वाक्य अर्धं खरं आहे. मुलं काय भिण्याजोगं आणि काय नाही, हे आईबापाच्या चेहऱ्यावरून वाचतात. पण तिने घाटातली बाई तुमच्या चेहऱ्यावर पाहिली नाही, मोबाइलवर पाहिली, तेव्हा हे सगळं स्वतःच्या पदरात घेऊ नका. त्यांना माझ्यातर्फे एवढं सांगा की विनोद चांगला होता, पण आता पुरे. घरात एकाच्या भीतीवर हसतात हे मुलीने पाहिलं की ती स्वतःची भीती सांगायला येणार नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण भित्यापाठी हसणारे असले की तो जास्त दिवस मुक्काम करतो.

आणि मुलांना भीती आवडते हेही विसरू नका. गोधडीच्या फटीतून तुम्ही बघत होता, कुणी डोळे उघडे धरून ठेवले नव्हते. पुढच्या भागाला तुम्ही पुन्हा वर गेलाच असणार. सात जणांनी एका गोधडीत किंचाळणं यासारखं सुख नाही. तेव्हा भुताच्या गोष्टींवर घरात बंदी घालू नका. शेजारच्या मोबाइलवर मात्र एक लक्ष ठेवा, कारण रील एकदा पूर्ण पाहिलं की तसलीच आणखी दहा रांगेत येऊन उभी राहतात. बिबट्याचे व्हिडिओ यात मिसळू देऊ नका. ते खरे-खोटे दोन्ही फिरतात, पण आपल्याकडे बिबट्या वस्तीत येतो हे खरं आहे. त्याबाबत अंधारात एकटीने मळ्याकडे-नाल्याकडे जायचं नाही, ही भीती तिच्या कामाची आहे. तिला सांगता येतं, 'ही भीती ठेव, ती सोड.' मुलांना असं वर्गीकरण आवडतं.

आता तुम्ही तिला काय सांगायचं. दिवसा सांगा, भाजी निवडताना, सहज. माडी, गोधडी, नानादादा, तो आवाज आणि टीव्ही का वाजायचा तेही. आवाज काढून दाखवा. 'आई, तुला अजून वाटते का भीती?' असं तिने विचारलं तर खोटं बोलू नका. 'हो, थोडी. म्हणून मी रोज रात्री ओटा पुसायचा सराव करते,' एवढं पुरे. फक्त एक गोष्ट चुकूनही करू नका. पाणी आणायला जाताना तिला 'चल गं माझ्याबरोबर' म्हणू नका. आईला सोबत लागते हे मुलाला कळलं तर चालतं. ती सोबत आपणच द्यायची, हे ओझं तिच्या वयाला पेलत नाही. सोबतीला नवरा आहे.

कल्याणला पंचवटी एक्स्प्रेसने जा. सकाळची गाडी, लख्ख उजेड, नाशिकरोडला बसलं की घाट दिवसाढवळ्या पार. इगतपुरी गेली की तिला खिडकीत बसवा आणि बोगदे मोजायला सांगा. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, कारण चढ ३७ फुटांना एक फूट असा कडक आहे. ती बँकर इंजिनं दिसतात का ते बघायचं काम द्या. रस्त्याने जाणं पुढच्या खेपेला, तिने म्हटलं तर. घाट टाळून दिवाळी नाशकातच करायची, असं मात्र करू नका.

महिनाभरात तिची झोप सावरली नाही, शाळेत जायला नको म्हणू लागली, जेवण सुटलं, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या स्वतःसाठीही तो क्रमांक चालतो. ओट्याचा सराव जमेना तर लावा.

राहिले नानादादा. त्यांना फोन करा. भांडायला नाही, आता ते पन्नाशीच्या घरात असतील आणि त्यांना काही आठवतही नसेल. पण एक प्रश्न मला फार सतावतोय, तो त्यांना विचारा. भाग संपल्यावर तुम्ही सगळ्यांना घेऊन इतक्या जोरात जिना का उतरत होतात? मला त्यांचीही शंका आहे. मात्र फोन रविवारी दुपारी करा, जेवणं झाल्यावर. रात्री साडेदहानंतर केलात तर तेच दचकतील.